वादातला धुरा

आधीच सांगते, माझा आवाज मोठा आहे. मी एसटीत कंडक्टर आहे, अकोट आगाराला. भरल्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारायचं तर कुजबुजून भागत नाही. तेव्हा हे सगळं मी ओरडूनच सांगणार, ज्याला कान झाकायचे असतील त्यानं खुशाल झाकावेत.

सांगायचं आहे माझ्या बापाबद्दल. देवमन तायडे. भूकरमापक होते. म्हणजे दोन शेतकऱ्यांचं जुंपलं की जमीन मोजून याची हद्द कुठं अन् त्याची कुठं हे सांगणारा सरकारी माणूस. बाळापूर, मूर्तिजापूर, अकोट असं तालुक्या-तालुक्यांत फिरून निवृत्त झाले. या माणसाला सगळ्या नोकरीत एकच नाद, रानफुलांचा. दारू नाही, पत्ते नाहीत, साधी सुपारी नाही. फुलं! आई म्हणायची, "एखादी बाई असती तं जाऊन तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. या गवताचं मी काय उपटू?"

आता फुलं म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर डोंगर आला असेल, धुकं आलं असेल. तसलं काही नाही. आमच्याकडं दोन वावरांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात, अन् फुलं त्या धुऱ्यावर. वावरात कपाशी नाहीतर सोयाबीन, त्याशिवाय जे उगवेल त्याचं नाव कचरा. मग ते कितीही निळं असो, पिवळं असो, कचराच. निंदा, वखरा, फवारा मारा, जाळा. म्हणून आपल्या मनानं उगवणारं जे काही उरलंय ते धुऱ्यावर उरलंय. अन् बाबांची नोकरीच धुऱ्यावरून चालायची. बाकीचे मोजणीवाले दोन्ही पार्ट्यांची तोंडं बघत चालायचे, माझा बाप खाली बघत चालायचा.

दिवाळीच्या सुट्टीत ते मला सोबत न्यायचे. एकदा मूर्तिजापूरकडं, शकुंतला रेल्वेच्या रुळाला लागून असलेल्या एका वावराची मोजणी होती. दोन सख्खे भाऊ, बोलचाल बंद, दोघांच्या हातात काठ्या, मागं अर्धं गाव तमाशा बघायला. बाबा चालता चालता एकदम थांबले, उकिडवे बसले अन् दोन्ही हातांनी गवत बाजूला सारलं. सगळे पुढं सरकले. थोरला ओरडला, "सापडला! हद्दीचा जुना दगड सापडला!" धाकटा धावत आला. बाबांनी मान वर केली अन् म्हणाले, "दगड नाही हो. शंखपुष्पी हाय." नखाएवढं निळं फूल. दोघं भाऊ आधी त्या फुलाकडं अन् मग, कितीतरी वर्षांनी, एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. थोरल्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पोरी, तुह्या बापाचं डोस्कं बरं हाय ना?" मी म्हणाले, नाही. तेव्हापासून माझं हेच मत आहे.

पण शिकले. न शिकून सांगते कुणाला, बाप सोडतो थोडाच! पावसाळ्यात केना, पिवळी तिळवण, तरोटा. भादव्यात बोरीवर चढलेली कळलावी, लालभडक, खाली पिवळी. दसऱ्याच्या आसपास कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे. थंडीत उंटकटारीचे काटेरी निळे गोंडे. अन् मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात अख्खा जिल्हा कूलरपुढं आडवा पडलेला असताना, जमिनीला चिकटून भुईरिंगणी जांभळी फुललेली असायची. ती दाखवायला माझ्या बापानं मला भर उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून, पायी चालवलंय. घरी आल्यावर मला ताप, अन् आईच्या तोंडाचा पट्टा सुरू.

यात दुर्मीळ एकही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सगळे तेच विचारतात. "दुर्मीळ आहे का?" दुर्मीळ असलं की लोक कॅमेरे घेऊन येतात, पाटी लागते, साहेबाचं भाषण होतं. साधं असलं की फवारा. अरे, साधं आहे म्हणून मारायचं? मग आपण सगळे कोण लागून गेलो? आम्हाला तरी कोण पाटी लावतंय? बाबा हे असं बोलायचे नाहीत, ते शांत माणूस. हे मी बोलते.

बाबांना एकच गोष्ट आतून खायची. त्यांनी मोजलेला धुरा जगत नसे. आमच्याकडची रीत अशी की धुऱ्याचा वाद सुरू असला की त्याला कुणी हात लावायचा नाही. एकानं लावला की दुसरा लगेच पोलीस ठाण्यात. त्यामुळं भांडणातला धुरा वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो अन् त्याच्यावर सगळं फुलतं. मग माझा बाप जातो, मोजतो, हद्द सांगतो. भांडण मिटतं. ज्याच्या वाट्याला धुरा आला तो लगेच जेसीबी लावतो, अन् पुढच्या हंगामात तिथं कपाशीच्या ओळी. बाबा पुन्हा त्या बाजूला गेले अन् ते बघून आले की त्या दिवशी जेवत नसत. आई विचारायची, कोण मेलं? ते म्हणायचे, कोणी नाही.

तरी माप मात्र कधी इकडचं तिकडं केलं नाही. लोकांनी दमदाटी केली, पुढाऱ्याचे फोन आले, एकदा तर रस्त्यात गाडी अडवली. "तायडे साहेबाचं माप" म्हटलं की हरलेला माणूससुद्धा गुमान घरी जायचा. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी त्यांची. तिला डाग लागू द्यायचा नाही, एवढंच त्यांना ठाऊक.

आता आमचं स्वतःचं वावर. अकोटपासून जवळच, एसटीच्या रस्त्याला लागून. शेजारी धर्मेंद्रचं वावर. मधला धुरा हा माझ्या आजोबांचा अन् धर्मेंद्रच्या आजोबांचा वाद. आम्ही कुणी जन्मलोही नव्हतो तेव्हाचा. हा म्हणे माझा, तो म्हणे माझा, अन् या भांडणापायी धुरा बैलगाडी जाईल एवढा रुंद राहिला. त्यावर बोरी, हिवर, अन् खाली वर्षभर काही ना काही फुललेलं. निवृत्त झाल्यावर बाबा रोज तिथं. माझी बस त्या वळणावर आली की लांबून त्यांची पांढरी टोपी दिसायची, अन् आमचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. ते हात वर करायचे, पण मान वर करायचे नाहीत. खाली काहीतरी चाललेलं असायचं.

मागच्या वर्षी धर्मेंद्र म्हणायला लागला, "काका, कायले ठेवला हा जंगल? अर्धा तुमी घ्या, अर्धा मी घेतो, ट्रॅक्टर सरळ चालते." बाबा नाही म्हणाले. मग एक दिवस तो जेसीबी घेऊनच आला. बाबा पुढं जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं अन् तंबाखू मळत बसला. धर्मेंद्र धुसफुसत गेला, पण जाताना म्हणाला, "किती दिवस उभं राहाल काका?"

ते मात्र बाबांच्या मनाला लागलं. अन् मग त्यांनी ती चूक केली जी फक्त एक मोजणीवालाच करू शकतो. मोजणीचा अर्ज टाकला.

मी म्हणाले, "बाबा, येडे झाले का? मोजलेला धुरा मरते, हे तुमीच सांगता ना?"

"तो लोकाइचा," ते म्हणाले. "हा आपला हाय. मापात आपला निघाला तं कोन हात लावीन?"

मोजायला प्रणाली आली. बाबांनीच शिकवून तयार केलेली पोरगी. नोकरीला नवी लागली तेव्हा ऑफिसात तिला कुणी शेतात पाठवायला तयार नव्हतं, बाबा घेऊन गेले. वैशाखात तिनं मशीन लावून दिवसभर मोजलं. बाबा तिच्या मागं मागं, मनात मोजत होते. संध्याकाळी मला म्हणाले, "एका बोटाचा फरक नाही. पोट्टी माह्यापेक्षा हुशार निघाली." धुरा सगळाच्या सगळा आमच्याकडं आला. धर्मेंद्रनं खुणा बघितल्या, थुंकला अन् मान्य केलं.

बाबांनी गावात चहा पाजला. पाऊस पडून धुरा फुलला तेव्हा आईला हाताला धरून तो दाखवायला नेलं. आई म्हणाली, "पाह्यला. आता चाला, कपडे वाळू घालायचे हायेत." पण येताना तिनं कानावर एक तरोट्याचं फूल खोचलं होतं, ते मी बघितलं. त्या पावसाळ्यात बाबा इतके खूश होते की मलाच भीती वाटायला लागली होती.

आता माझा धाकटा भाऊ, मनोज. शेती तोच करतो. राबतो, हे मी नाकारत नाही. भादव्यात बाबा आठवडाभर तापानं घरीच पडून होते, अन् माझी ड्युटीही त्या आठवड्यात दुसऱ्या रस्त्याला होती. ते उठले त्या दिवशी मला सुट्टी होती म्हणून मी बाबांसोबत वावरात गेले. लांबूनच दिसलं. रस्त्याकडचा अर्धा धुरा पिवळा. भर पावसाळ्यात वाळलेलं गवत. केना नाही, तिळवण नाही, कुरडूच्या माना मोडून खाली. बोरीवरच्या कळलावीची पानं आखडून काळी पडलेली. अन् पुढं, हिरव्या भागाच्या तोंडाशी, पाठीवर पंप घेऊन मनोज. आठवड्यापूर्वी अर्धा मारला होता, उरलेला मारायला आला होता.

मला वाटलं होतं, धर्मेंद्र असेल. दुश्मनाला शिव्या घालायच्या तयारीत मी आले होते, अन् बघते तर आमचाच! कुंपणानंच शेत खाल्लं. तळपायाची आग मस्तकाला गेली. मी धावत जाऊन त्याच्या हातातली नळी हिसकली.

"कोनाले इचारून मारलं बे?"

"कोनाले इचारू? आपलाच निघाला ना धुरा?" तो म्हणाला. "मग कायले पडीक ठेवाचा? वाद होता तवर ठीक होतं. आता सोयाबीन निघालं की जेसीबी लावतो."

"बाबाचा जीव हाय त्याच्यात, दिसत नाही तुले?"

"अन् माहा जीव कशात हाय? उंदरं, डुकरं सगळी याच धुऱ्यातून येतात. रात्रभर जागल मी करतो. तू येशीन का जागलीले? बसमधी बसून बोलाले काय जाते तुह्यं!"

त्याचंही खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले. आमचं दोघांचं असं जुंपलं की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायला लागले. बाबा मात्र जळालेल्या बोरीपाशी जाऊन बसले. कळलावीची एक कळी अजून बंद होती, काळी पडलेली. तिला बोट लावलं, ती गळून पडली. मनोजनं ते बघितलं अन् पंप उतरवला. "आज नाही मारत," म्हणाला. "पन दसऱ्यानंतर काढतो म्हनजे काढतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याच बसमध्ये चढले. इस्त्रीचा शर्ट, नोकरीत घालायचे तसला. कुठं चालले म्हणून विचारलं तर म्हणाले, ऑफिसात. तिकीट घेतलं अन् खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, जुन्या मित्रांना भेटायला निघाले असतील.

त्यांनी जाऊन अर्ज दिला. मोजणी मान्य नसली की वरच्या साहेबाकडून पुन्हा मोजून घेता येतं, त्याला निमताना म्हणतात. हरलेला माणूस करतो तो अर्ज. माझ्या बापानं जिंकून केला. त्यात लिहिलं की प्रणालीबाईंचं माप चुकलं आहे, माझ्याकडं जमीन जास्त आली आहे, धुरा धर्मेंद्रचा आहे, सबब पुन्हा मोजावं. ऑफिसात म्हणे लोक पोट धरून हसले. मला जमीन जास्त मिळाली हो, असं म्हणत रडत आलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता.

पण डोकं बघा म्हाताऱ्याचं! वाद परत उभा राहिला. धर्मेंद्रला बातमी कळायची देर, तो चवताळून उठला. खुद्द तायडे साहेब म्हणतात धुरा माझा, म्हटल्यावर काय! रोज सकाळ-संध्याकाळ धुऱ्यावर चकरा. "पाहातो कोन हात लावते तं! ठाण्यातच बसवतो!" जेसीबी आणणारा तोच, अन् आता राखण करायला तोच. मनोज एकदा पंप घेऊन नुसता जवळून गेला तर दोघं एकमेकांची गचांडी धरण्यावर आले. मनोजनं बाबांशी बोलणं टाकलं. आई दोघांना वेगवेगळं वाढायला लागली. अन् उरलेल्या अर्ध्या धुऱ्यावर कुरडूला तुरे आले.

मी हसले होते. खरं सांगते, सुरुवातीला मला गंमतच वाटली. आगारात सगळ्यांना सांगत सुटले.

मग रविवारी प्रणाली घरी आली. दाराशी चपला काढल्या, आत आली, पण बसली नाही. आईनं पाणी पुढं केलं, तिनं घेतलं नाही.

"सर, माह्यं माप कुठं चुकलं?"

बाबा खाटेवर बसले होते, ते सरकून तिला जागा करायला लागले.

"मी सगळं पुन्हा तपासलं. मले नाही सापडलं. तुमी दाखवा, मी कान पकडते."

बाबा खाली बघत राहिले. तिचा आवाज चढला. "ऑफिसात लोक मले इचारून राह्यले सर, तायडे साहेबानं किती देल्ले? गुरूच्या वावरात जमीन ढकलली म्हनून. साहेबानं नोटीस काढली माह्यावर. घरी सासूले काय सांगू मी?"

हसू बिसू सगळं जागच्या जागी जिरलं माझं. ही पोरगी मी पाहिली होती, उन्हात काळी होऊन, पोटात बाळ असताना वावरं मोजत फिरणारी. अन् तिच्यावर हा डाग माझ्या बापानं लावला होता, ज्यानं स्वतःवर कधी शिंतोडा उडू दिला नाही. मी ओरडले, "बाबा, सांगा ना तिले! तोंड काहून शिवलं आता?"

"माप बरोबर हाय, पोरी," बाबा म्हणाले.

"मग अर्ज मांगं घ्या," प्रणाली म्हणाली.

"नाही घेत."

"काहून?"

"मांगं घेतला तं मनोज उद्या मशीन लावते."

"फुलांसाठी?" प्रणाली म्हणाली. "माह्या नोकरीवर डाग, सर, कचऱ्याच्या फुलांसाठी?"

"हो," बाबा म्हणाले. मान खाली होती, पण हो म्हणाले. मग उठून त्यांनी तिच्यापुढं हात जोडले. स्वतः शिकवलेल्या पोरीपुढं. "निमतान्यात तुह्यंच माप बरोबर निघते. मी सगळ्याइसमोर सांगीन, खोटा मी होतो म्हनून. साहेबाचे पाय धरीन. फक्त तारीख दिवाळीनंतर ठेवाले सांग. कुरडूचं बी पडू दे."

मला काय काय आलं त्या क्षणी! मनोजचा राग, धर्मेंद्रचा राग, त्या फवाऱ्याच्या बाटल्या विकणाऱ्या दुनियेचा राग, अन् सगळ्यांत जास्त माझ्या बापाचा. चार साध्या फुलांना जगायला जागा मिळावी म्हणून एका सरळ माणसाला खोटं लिहावं लागतं, अन् ते खोटं जाऊन पडतं कुणाच्या डोक्यावर, तर दुसऱ्या सरळ माणसाच्या! ही कसली रीत, ही कसली मोजणी? थू तुमच्या हद्दींवर.

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "तारीख दसऱ्यानंतर लगेचची लागली हाय," ती म्हणाली. "मी बदलाले सांगनार नाही, सर." तिनं चपला घातल्या अन् निघाली. मी रस्त्यापर्यंत मागं गेले. तिनं वळून बघितलं नाही, अन् तिचं काही चुकलं नाही.

परत आले तर बाबा खाटेवर तसेच. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. त्यांनी मला विचारलं, "दीपमाला, दसऱ्यापर्यंत पडीन का वं बी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण आमच्या घरात एक खोटं पुष्कळ झालं होतं.

"नाही पडत बाबा," मी म्हणाले. "तवा हिरवंच असते."

"हो," ते म्हणाले, अन् बसून राहिले.